तिचा आवाज मागे कसा गेला

सत्तरी उलटलेल्या बाईनं गाढवपणा केला की लोक म्हणतात, जाऊ दे, वय झालं. मला ती सूट नको. मी माझा गाढवपणा पूर्ण शुद्धीत केला, चष्मा लावून, चहाचा कप संपवून. अलिबागजवळच्या एका बंगल्यात, बाहेर ऊन आणि आत गारठा अशा एका खोलीत, एका भल्या माणसानं मला विचारलं, "आजी, या गाण्यात मुख्य आवाज कुठला?" समोरच्या पडद्यावर दोन आवाजांच्या दोन रेघा पळत होत्या. हिरवी तिची, निळी माझी. मी निळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा."

झालं. एका अक्षराचं काम. पण त्यामुळे पेणपासून रेवदंड्यापर्यंतच्या मांडवांत जिचा आवाज कायम पुढे असायचा, ती बाई मागे गेली. थोडीथोडकी नाही, पार विहिरीत. आणि मी पुढे आले.

आता ती कोण होती ते सांगते. त्याशिवाय मी काय करून बसले ते तुम्हाला कळायचं नाही.

ती आमची धवलारीण. आगऱ्यांचं लग्न ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. नसेल पाहिलं तर एवढंच धरा, की भटजी हा आमच्याकडे तासाभराचा पाहुणा. मांडव पडल्यापासून वरात निघेपर्यंत सगळा कारभार धवलारणीचा. हळद कुटायची तिच्या गाण्यावर, नवऱ्याला न्हाऊ घालायचं तिच्या गाण्यावर, नवरी घराबाहेर पडायची तीही तिच्याच गाण्यावर. या गाण्यांना धवले म्हणतात. ते कुठे लिहिलेले नसतात. तिच्या डोक्यात होते. किती होते ते तिलाही माहीत नव्हतं.

धवला एकटीनं गायचा नसतो. पुढची एक ओळ टाकते आणि मागची तीच ओळ उचलते. तीही पुढचीचं शेवटचं अक्षर हवेत असतानाच उचलायची. मध्ये फट पडता कामा नये. धवला तुटला की मांडवातल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघतात, आणि पुढे त्या जोडप्याचं काही वाकडं झालं तर ते धवलारणीच्या माथी येतं.

पुढची ती. मागची मी. तीस-पस्तीस वर्षं.

गायला बसली की तिचं पहिलं काम नाकातली नथ काढायची. नथ ओठाला लागते, शब्द अडतो, असं तिचं म्हणणं. काढायची आणि मागे न बघताच हात लांब करायची, "धर गो." मी धरायची. तिचं गाणं संपेपर्यंत तिची नथ माझ्या मुठीत. मोती घामानं चिकट व्हायचे. माझ्या नाकात तेव्हा बारीकशी चमकी होती. ती काढून कोणाच्या हातात द्यायची माझ्यावर वेळ आली नाही. दिली असती तर हरवलीच असती.

मग पदर खोचायची, मान जराशी वळवायची आणि म्हणायची, "मी होते फुडं, तू ये मागून." हे ती मांडवात म्हणायची, एसटीत चढताना म्हणायची, खाडीच्या बांधावरून चालताना म्हणायची. एकदा रेवदंड्याच्या बाजारात सुकट घेताना कोळणीला म्हणाली, "आदी माजी दे, ही येते मागून." कोळीण माझ्याकडे बघून हसली. मी त्या दिवशी सुकट न घेताच घरी आले. कोणाला शिक्षा झाली? घरच्यांना. त्यांनी नुसत्या आमटीशी भात खाल्ला.

तिच्या मागे बसायला लागले तेव्हा मी चोविसाची होते आणि ती अठ्ठाविसाची. चार वर्षांचा फरक. मला वाटायचं, चार वर्षं थांबलं की आपलाही आवाज तसा होईल. अठ्ठाविसाची झाले आणि कळलं, की ती बत्तिसाची झालीय.

तिचा आवाज गोड नव्हता, हे आधी लिहून ठेवते. गोड आवाजाच्या बायका आमच्या गावात पुष्कळ होत्या, मीही त्यातलीच. तिचा आवाज कैरीला तिखटमीठ लावावं तसा होता. ऐकला की अंगावर शहारा यायचा, आणि परत हवासा वाटायचा. नवरीच्या आईला रडवायचं असेल तेव्हा ती आवाज मोठा करायची नाही, उलट खाली आणायची. भर मांडवात भांडी घासणाऱ्या बायका हात थांबवायच्या. मी तीच ओळ, त्याच सुरात, तितक्याच मनापासून म्हणायची आणि भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा.

आपला आवाज तसा व्हावा म्हणून मी काय काय केलं ते ऐका. आलं चावलं. कच्चं अंडं गिळलं आणि ओकले. कोणी सांगितलं, पाण्याच्या काठी गावं. आमच्या दारात जिताड्यांचं तळं होतं. खारेपाटात घरोघरी असतं, पाहुणा आला की जाळं टाकून मासा काढायचा. मी दुपारी सगळे निजले की तळ्याच्या काठी बसून सूर लावायची. चौथ्या दिवशी सासूबाई कंबरेवर हात ठेवून आल्या. "गाव नको गो बाय," म्हणाल्या, "जितारी तलाला जाऊन बसलीत. पर्वा व्याही यायचाय, त्याला पानात काय वारू, तुजा गाना?"

नवऱ्याचं तर विचारू नका. एकदा एका लग्नाहून परत येताना हे म्हणाले, "काय गायली गो आज बाय! मांडवाचे बांबू हलले."

मी म्हणाले, "आणि मी?"

हे म्हणाले, "तूपन हुतीस काय?"

मिठागरांच्या मुलखात राहून त्या माणसानं पुढे चार दिवस अळणी कालवण खाल्लं.

एकदाच माझा दिवस आला होता. तिचा घसा बसला. मनातल्या मनात मी देवाला नारळ कबूल केला, घसा बरा होऊ दे म्हणून नव्हे, लगेच बरा होऊ देऊ नको म्हणून. पोयनाडकडचं लग्न होतं. मी तिच्या जागी बसले, माझ्या जागी माझ्या नणंदेला बसवलं. चमकीसुद्धा काढली, उगाचच. पहिला धवला झाला, दुसरा झाला. नवरदेवाची आत्या माझ्याजवळ आली, पाठीवर प्रेमानं हात ठेवला आणि म्हणाली, "छान गाता हो. मेन बाई कवा येनार?"

आणि तिचं मन तर असं, की तेही माझ्या जिवावर उठलेलं. मला पुष्कळ वर्षांनी कळलं, की माझी दुसरी मुलगी पोटात होती तेव्हा लोक तिला सांगायचे, हिला राहू दे घरी, आम्ही दुसरी बघून देतो. तर म्हणायची, "ती नाय तर मी पन नाय." दोन महिन्यांत पाच लग्नं सोडली तिनं. मला एका शब्दानं बोलली नाही. आता सांगा, इतकं मोठं मन माणसानं ठेवायचं कशाला? शेजारच्याला खुजं वाटतं.

कॅसेटच्या जमान्यात पनवेलच्या एका दुकानदारानं आमचे धवले भरून घेतले. भिंतींना गाद्या मारलेली खोली, तिच्यासमोर एक माईक, माझ्यासमोर एक. पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. ती घामानं निथळत होती, पण ओळ चुकली नाही. वाजवणाऱ्यांनी नंतर येऊन ढोलकी आणि बेंजो भरला. कॅसेट निघाली तेव्हा कव्हरावर तिचा फोटो होता, नथ घातलेला. शेजारी माझं कोपर आलं होतं. मी ते कोपर ओळखते. बांगडीवरून.

मग कॅसेटी गेल्या, लग्नात डीजे आला आणि धवलारणींना बोलावणं कमी झालं. तिचं कंबरेचं हाड मोडलं, तसं लेकीनं तिला मुरुडला नेलं. मी इथेच. हातात नथ नाही, पुढे कोणी नाही. तुम्हाला वाटेल, मला मोकळं वाटलं असेल. मलाही तसंच वाटलं होतं.

अशात एक दिवस एक चाळिशीचा माणूस घर विचारत आला. मुंबईचा, अलिबागला बंगला, बंगल्यातच त्याचं काम. आवाजाचं काम. त्या पनवेलच्या दुकानदाराच्या जुन्या टेपा कोणा कंपनीनं विकत घेतल्या होत्या आणि ते धवले आता फोनवर येणार होते. तेही साधे नव्हे, चहूबाजूंनी ऐकू येतील असे. माझी सून अलिबागला कोर्टात कारकून आहे, तिला या गोष्टी कळतात. ती म्हणाली, "आई, हेडफोन लावला की आवाज पुढून येतो, मागून येतो, डोक्यावरून पण येतो. आपण मधे बसल्यासारखं."

मी म्हणाले, "लग्नात बसल्यावर येतो तसा?"

"हो, तसाच."

"मग लग्नालाच जावं की."

पण गेले. त्याच्या खोलीत पुढे, मागे, बाजूला आणि वर छतालासुद्धा स्पीकर होते. मध्ये एक खुर्ची. त्यात मला बसवलं, चहा दिला आणि पहिला धवला लावला.

काय सांगू तुम्हाला! ती माझ्यापुढे बसली होती. हाताच्या अंतरावर. तिचा श्वास घेतलेला ऐकू आला. ढोलकी उजवीकडे, बेंजो लांब, मांडवाच्या दाराशी असावा तसा. आणि मागून, डाव्या खांद्यामागून, कोणीतरी कोवळ्या आवाजाची बाई ओळ उचलत होती. मी मान वळवून बघितलं. कोणी नव्हतं. ती मीच होते. माझ्या मागे मी बसले होते आणि पुढे ती.

म्हणजे बघा, छतापर्यंत स्पीकर लावले, कॉम्प्युटर आणले, आणि तरी मी मागेच.

तो माणूस मनापासून काम करत होता हे खरं. त्या एका धवल्याला त्यानं तीन दिवस घेतले होते. मग दुसरा लावला, तो ऐकवेना. तिचा आवाज पाण्याच्या टाकीत बसून गायल्यासारखा, आणि ढोलकी माझ्या टाळूवर. मी म्हणाले, "हे काय झालं?"

तो ओशाळला. "हे मी नाही केलं, आजी. कंपनीला सगळं महिन्यात हवंय. काही गाणी दुसरीकडे दिलीत. तिथं मशीनच आवाज वेगळे करतं, अर्ध्या तासात गाणं तयार. फोनवर मात्र दोन्हींवर शिक्का एकच. ऐकणाऱ्याला वाटतं, गाणारीच बरी-वाईट गायली."

मला त्याची दया आली. हे लिहिते अशासाठी, की पुढच्या पाच मिनिटांत मी त्याच माणसाला फसवलं.

सहावा धवला त्यानं स्वतःकडे ठेवला होता, हळद कुटायचा. पण तो अडला होता. या धवल्यात आमच्या दोघींच्या ओळी बरोबरीच्या असतात, आणि मागचीनं अर्ध्यातच उचलायचं असल्यामुळे पुढचीचं शेपूट मागचीच्या तोंडात. बाहेरच्याला काय कळणार, कोण पुढची आणि कोण मागची? पहिल्यात पुढे असलेली बाई यातही पुढेच असेल, हे त्याला खात्रीनं सांगता येईना, आणि टेपेच्या डब्यावरची चिठ्ठी वाळवीनं खाल्ली होती. म्हणून त्यानं मला विचारलं, मुख्य आवाज कुठला.

मी उत्तर द्यायला किती वेळ घेतला असेल? एक आवंढा. त्या एका आवंढ्यात पोयनाडच्या आत्याबाई आल्या, सुकटवाली आली, आमचे हे आले, कव्हरावरचं कोपर आलं. मी म्हणाले, "हा."

"नक्की ना, आजी?"

"मला विचारता? मी होते तिथं."

त्यानं भराभर खटाखट केलं. निळी रेघ मध्ये आली, हिरवी मागे आणि वर गेली, तिच्यावर त्यानं जरा घुमारा टाकला, लांबून येतोय असं वाटायला. माझा आवाज माझ्यापुढे येऊन बसला. मला इतका आनंद झाला, की मी त्याला दोन नारळ आणि सुकवलेल्या कोलंबीचं घरचं सोडं पाठवून दिलं.

धवले फोनवर आले. सुनेनं हेडफोन दिला. मी सहावा लावायची, रोज दुपारी. तळ्याच्या काठी बसून लावायची. आता जिताडी तळाला जायची भीती नव्हती. शेजारणी म्हणाल्या, "आजी, काय आवाज होता हो तुमचा!" मी म्हणायची, "असेल बाई, आता कुठे आठवतंय." आणि मागून, लांबून, खाडीपलीकडून कोणी हाक मारावी तसा तिचा आवाज यायचा. मी आवाज वाढवायची. माझा वाढायचा, तिचा आणखी लांब जायचा.

सून एकदा म्हणाली, "आई, हा मिक्स बिघडलाय का हो? मोठ्या आई कुठे गेल्या यात?" ती तिला मोठ्या आई म्हणायची.

मी म्हणाले, "असतंच असं. तूच म्हणालीस ना, शिनेमाच्या नव्या गाण्यातसुद्धा असतं."

ते खरंच तिनं म्हटलं होतं. एका गाण्यात गाणारा कानात कुजबुजतो, पुढच्याच गाण्यात तो न्हाणीत गेलेला असतो. मला पांघरूण आयतंच मिळालं होतं.

मग आमच्याच आळीत लग्न निघालं. धवलारीण म्हणून कोणी उरलंच नव्हतं, तेव्हा पोरांनी ठरवलं, फोनवरचेच धवले लावू. मांडवाच्या दिवशी सकाळी पाच सवाष्णी उखळाभोवती उभ्या राहिल्या, मुसळांना हळदीचा दोरा बांधला. डीजेवाल्यानं फोन जोडला आणि स्पीकरच्या दोन मोठ्या डब्यांतून सहावा धवला लावला.

ढोलकी आली. मुसळं वर गेली. आणि पहिली ओळ आलीच नाही.

हेडफोनमध्ये मागून का होईना, तिचा आवाज यायचा. त्या दोन डब्यांत मागचं-वरचं सगळं विरून गेलं होतं. राहिली नुसती ढोलकी. मुसळं हवेत थांबली. मग माझी ओळ आली, एकटीच, कोणी टाकलेलीच नाही अशी. मुसळं एकदाची पडली. पुन्हा पुढची ओळ गायब. पुन्हा मुसळं वर. सवाष्णी एकमेकींकडे बघायला लागल्या. नवरदेवाची आजी जागेवरून उठली. धवला तुटत होता. एकदा नाही, ओळीगणिक.

मी खुर्चीवर बसले होते. तोंड कधी उघडलं कळलं नाही. तिची ओळ मी टाकली. माझा आवाज आता म्हातारा, फाटका. पण ओळ पडली आणि तिच्यामागून डब्यातून कॅसेटच्या वेळची मी आले आणि ती ओळ उचलली. मुसळं पडली. पुढची ओळ मी टाकली. पुन्हा डब्यातली आली मागून. असा अख्खा धवला झाला. पुढे मी, मागे मी.

आयुष्यभर जे मागितलं होतं ते भर मांडवात मिळालं, आणि मला फक्त एवढंच कळत होतं, की पुढची ओळ आठवत नाहीये. ओळ टाकली की दुसरी शोधायची. मागची काय गातेय, कशी गातेय, तिकडे लक्ष द्यायला सवडच नाही. तिसऱ्या कडव्यानंतर मी दोन ओळींची अदलाबदल केली. सवाष्णींना कळलं नाही. मला कळलं. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून त्या बंगल्यात गेले. म्हणाले, "मी खोटं सांगितलं होतं. हिरवी मुख्य आहे."

तो माणूस म्हणाला, "पण तुम्ही तर म्हणालात, मी होते तिथं."

"होते की. मागे होते."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, "मी दुरुस्त करून आजच पाठवतो. पण कंपनी ते कधी बदलेल सांगता येत नाही. दोन आठवडे लागतील, नाहीतर सहा महिने."

मला सहा महिने थांबायचं नव्हतं, कारण मुरुडहून निरोप येत होते ते चांगले नव्हते. ती जेवत नव्हती. मी ठरवलं, ती हे ऐकायच्या आत आपणच जाऊन सांगायचं. सुनेचा फोन आणि हेडफोन घेतला, तिनं काय दाबायचं ते तीनदा शिकवलं, आणि एसटीनं मुरुडला गेले.

लेकीच्या पडवीत ती खाटेवर होती. एवढीशी झाली होती. नथ नव्हती, नाकाचं भोक तेवढं मोठं दिसत होतं. मला बघून हसली. "आलीस? गारी भेटली बरोबर?"

"भेटली."

"ते फोनवर आलाय म्हनतात आपला गाना. मना कोनी आयकवतच नाय. आयकव."

मी मनात म्हणाले, पहिलाच ऐकवायचा, आणि थांबायचं. हेडफोन तिच्या कानांवर बसवला. तिचे कान केवढे लहान, मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. मी कायम पाठीमागे बसलेली. पहिला धवला सुरू झाला तशी ती चकित होऊन इकडेतिकडे बघायला लागली. हात पुढे करून हवेत काहीतरी चाचपलं. मग डोळे मिटले. ओठ हलत होते.

तो संपला. मी बंद करायचं बटण शोधत होते. सुनेनं तीनदा शिकवलेलं चौथ्यांदा आठवेना. बोट कुठेतरी पडलं आणि फोननं आपल्या मनानं सहावा लावला. पडद्यावर मी नाव बघितलं. मी हेडफोन काढायला हात पुढे केला, तर तिनं माझं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. हाडांचा हात, पण पकड जुनी. पूर्ण धवला तिनं ऐकला. कपाळाला आठी.

संपल्यावर मी सगळं सांगून टाकलं. बंगला, हिरवी रेघ, निळी रेघ, माझं बोट. सुकटसुद्धा सांगितली. "बाय, मी तुला मागं टाकलं," म्हणाले. "बदलायला सांगितलाय. होईल दुरुस्त."

त्यावर ती जे बोलली ते शेवटी सांगते. आधी बाकीचं उरकते.

ती त्यानंतर पंधरा दिवसांनी गेली. दहाव्याला इतकी माणसं आली की मुरुडच्या त्या गल्लीत रिक्षा शिरेना. मी बसून मोजत होते, माझ्या वेळी एवढी येतील का. नाही येणार. सवय काही जात नाही.

दुरुस्त धवला ती गेल्यावर तीन महिन्यांनी आला. ती पुढे, मी मागे. हेडफोनवर चांगला वाजतो, आणि मांडवातल्या दोन डब्यांवरही तिची ओळ नीट पडते, हे मी एका लग्नात उभं राहून तपासलं. सुनेनं विचारलं होतं, "आई, जुना फोनमधे आहे, ठेवू का तुमच्यासाठी?" मी म्हणाले, "काढून टाक." दोन दिवसांनी मीच विचारलं, "काढलास का गं खरंच?" तिनं काढला होता. सून आज्ञाधारक मिळाली, हे असं.

त्या दिवशी मुरुडच्या पडवीत माझं सगळं ऐकून झाल्यावर तिनं मला खाटेवर बसवून घेतलं. माझं मनगट अजून तिच्याच हातात होतं. मग म्हणाली,

"तू गात असायचीस तवा मी फुडची ओल आठवीत असायची. तुला आयकायला कवा गावलाच नाय. आज आयकली. बरी गातेस गो. निस्ती शेवटाला दम सोरतेस. येवरी वर्सं तुला कोनी सांगितला कसा नाय?"